भिंतीपलीकडचा पंखा

भाऊबंदकी जमिनीवरून होते, दागिन्यांवरून होते, अगदीच काही नसलं तर आईच्या चार भांड्यांवरूनही होते. या दोघांची झाली ती पंख्यावरून. उभ्या दांडीचा, जाळी वाकलेला, फिरताना घरघरणारा साधा पंखा. ऐकून हसू येतं, पण त्याच्यापायी एका शेडच्या दोन शेड झाल्या, मधे भिंत उभी राहिली आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड न बघता पोटापाण्याचं काम करू लागले.

थोरल्याचं म्हणणं बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे त्याच्यावर अन्याय व्हायचा. वेल्डिंगच्या गनमधून तार बाहेर येते, आणि तारेच्या भोवतीनं गॅस. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तो गॅस त्याच्यावर पांघरूण घालतो. पांघरूण कसलं, जेमतेम क्षणभराची सावलीच ती. वाऱ्याची एक झुळूक आली की उडाली. मग हवा आत शिरते, सांध्यात भोकं पडतात, वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आतून पोखरलेलं. म्हणून थोरल्याच्या शेडमध्ये दार बंद, खिडक्या बंद आणि पंख्याचं तर नावच नको. ‘तिथं वारासुद्धा विचारून आत जातो,’ असं गल्लीतले लोक म्हणायचे.

धाकट्याला उकाडा सोसायचा नाही. हेल्मेटच्या आत घामाच्या धारा लागायच्या, की तो गुपचूप पंख्याचं बटण दाबायचा. थोरला मग मान वर न करता हातोडी उचलायचा आणि लोखंडी खांबावर तीन ठोके द्यायचा. ठण, ठण, ठण. म्हणजे पंखा बंद कर. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, मशीनचा आवाज, बोलून ऐकू कोणाला जाणार? त्या तीन ठोक्यांवर कित्येक वर्षं त्यांचं सुरळीत चाललं.

मग एका दुपारी ठोके पडले आणि पंखा चालूच राहिला.

“माणूस उकडून मेला तरी चालेल, तुझा गॅस हलता कामा नये!” धाकटा हेल्मेट काढून म्हणाला.

“नसेल जमत तर वेगळा हो.”

“होतो.”

झालं. दोघांनाही वाटलं, समोरचा संध्याकाळपर्यंत निवळेल. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभ अजून ताजा होता. आठवड्यात भिंतीच्या विटा येऊन पडल्या. धाकट्याच्या वाट्याला नवं मशीन आणि स्टेनलेसची गिऱ्हाइकं गेली. थोरल्यानं जुनं मशीन घेतलं आणि साध्या लोखंडाची कामं, म्हणजे फाटकं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. वाटणी करताना तो एवढंच म्हणाला, “घेऊ दे त्याला.” आवाज मोठ्या मनाचा होता. मन तेवढं मोठं नव्हतं.

कारण स्टेनलेस हा थोरल्याचा जीव होता. साधं लोखंड कशानंही जुळतं. त्याला तीन भाग आर्गन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असा रांगडा गॅस दिला तरी ते मुकाट्यानं खातं. स्टेनलेसचे नखरे फार. नुसता आर्गन दिला तर ठिणगी भरकटते आणि सांधा पसरायच्या ऐवजी दोरीसारखा वर फुगून बसतो. त्यात कार्बन डायऑक्साइड हवाच, पण जेवणात मीठ असतं तेवढा, शंभरात दोन भाग. पातळ पत्रा असेल तर हेलियम जास्त असलेलं तीन गॅसचं मिश्रण. आणि लोखंडाचा गॅस चुकून स्टेनलेसला लावला, तर त्या दिवशी काहीच होत नाही, खरी गंमत तीच. सांधा जरा काळपट होतो, तो घासला की चकाकतो, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. मग पाच-सहा महिन्यांनी त्या चकाकीतून तांबूस रेघा फुटतात. न गंजणारी वस्तू गंजते, आणि ती करणाऱ्याच्या नावालाही गंज चढतो.

एकत्र होते तेव्हा कुठल्या कामाला कुठला सिलिंडर, हे थोरलाच ठरवायचा. तोच जोडायचा, तोच दाब बघायचा. धाकट्याचा हात देखणा, गन धरावी तर त्यानंच. पण सिलिंडरच्या खांद्यावरची चिठ्ठी त्यानं जन्मात वाचली नव्हती. दादानं जोडलाय म्हणजे बरोबरच असणार. वेगळा झाल्यावर त्यानं गॅसच्या एजन्सीला सांगितलं, ‘दादा स्टेनलेसला मागवायचा तोच पाठवत जा.’ तेव्हापासून तोच येत होता.

थोरल्याची बायको वाटणीच्या पुढच्याच वर्षी गेली. धाकटा आला होता, मागच्या रांगेत उभा राहिला, दिवस होईपर्यंत रोज आला, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. लेक सासरी, दूर. रविवारी तिचा फोन यायचा. “बाबा, जेवलात का?” हा हटकून म्हणायचा, “हो, मघाशीच.” मग उठून भात टाकायचा. घरात एक ताट, एक वाटी. दुसरं ताट होतं, पण ते काढायला कधी कारण पडत नव्हतं.

तसं पाहिलं तर त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. शेडमध्ये आता झुळूक म्हणून नव्हती. दार बंद करून तो काम करायचा आणि दार बंद म्हणून कोणी आत डोकावायचं नाही. चहावाली बाई पेला उंबऱ्यावर ठेवून हाक मारून जायची. चहा कधी गरम मिळायचा, कधी साय धरलेला.

सोबत होती ती फक्त भिंतीपलीकडच्या आवाजांची. भिंत एका विटेची आणि वर पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, हातभर फट सोडलेली. धाकट्यानं काम सुरू केलं की त्या फटीतून पत्र्यावर निळा उजेड थरथरायचा. थोरल्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, आज जाड पत्रा आहे, आज गन मागे ओढत नेतोय, आज याचं लक्ष नाही. स्टेनलेस नीट जुळत असलं की आवाज तुटत नाही, एकसारखा स् स् येत राहतो. तो आला की थोरला आपली गन खाली ठेवून जरा वेळ उगाचच हातमोजे झटकत बसायचा.

आणि या सगळ्याच्या खाली, सकाळी शेड उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत, पंख्याची घरघर. उकाड्यात तर होतीच, कडाक्याच्या थंडीतही होती. म्हणजे उघड उघड डिवचणं. थोरल्यानं ते तसंच घेतलं. एकच कोडं त्याला उलगडत नव्हतं, की एवढ्या वाऱ्यात याचे सांधे टिकतात कसे? कधी कोणाची तक्रार कानावर आली नाही. यावर त्यानं खूप डोकं चालवलं आणि शेवटी ‘नशीब एकेकाचं’ म्हणून सोडून दिलं. धाकटा कधी बाहेरगावी गेला की मात्र थोरल्याचं कामात मन लागायचं नाही. पाठ दुखते म्हणून तो लवकर घरी जायचा. पाठ खरंच दुखायची, त्याबद्दल शंका नको. पण ती रोजच दुखायची.

तर त्या दिवशी सकाळी पलीकडे टेम्पोतून मोठं काम उतरलं होतं. पत्र्याचा खणखणीत नाद, म्हणजे स्टेनलेस, चांगलं जाड. दुधाच्या डेअरीची टाकी, हे चहावालीनं न विचारता सांगितलं. “उद्या न्यायला येणारेत म्हणे. धाकटे दादा म्हणत होते, हे पसंत पडलं की डेअरीचं सगळं काम इथंच.”

थोरल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एका फाटकाच्या बिजागरीला लागला. पलीकडे पंखा सुरू झाला, मग पत्रा जागेवर धरायला टाके मारल्याचे बारीक आवाज, मग सांधा सुरू झाला. आणि थोरल्याचा हात थांबला.

स् स् नव्हता. तडतड होती. ओल्या लाकडानं पेट घ्यावा तशी तुटक, फटफटणारी.

‘मशीन नीट लावलं नसेल,’ तो मनात म्हणाला, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. एवढं मोठं काम, आणि पठ्ठ्याला साधा आवाज जुळवता येईना! मग तड, तड, असं करत दुसरा सांधा झाला. बटणं फिरवून बघितल्याचं कळत होतं, आवाज बदलायचा, पण तो एकसारखा सूर काही येईना. कितीही फिरव, येणारच नाही, असा तो आवाज होता. असा आवाज कशाचा असतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? रोज त्याच्याच गनमधून तो येत होता.

तो उठून स्वतःच्या नव्या सिलिंडरपाशी गेला. काल संध्याकाळीच आला होता, अजून जोडलाही नव्हता. गाडीवर नवा माणूस, दोन्ही शेडवर एकाच आडनावाची पाटी. चष्मा लावून त्यानं खांद्यावरची चिठ्ठी वाचली. अठ्ठ्याण्णव भाग आर्गन, दोन भाग कार्बन डायऑक्साइड.

धाकट्याचा सिलिंडर इथं होता. म्हणजे थोरल्याचा तिथं.

माणूस अशा वेळी काय करतो? पळत जाऊन सांगतो. थोरला खाली बसला. इतक्या वर्षांनी पहिला शब्द आपण बोलायचा? आणि तोही ‘तुझं चुकतंय’ असा? धाकटा म्हणेल, आलास पुन्हा शिकवायला. न बोलावं, तर त्याला समजणार नाही. तो सांधे घासेल, चकाकवेल, टाकी उद्या जाईल, आणि काही महिन्यांनी दुधाच्या टाकीला आतून गंज फुटेल. त्याच्या हाताची काहीच चूक नसताना त्याचं नाव बुडेल. आणि ते बुडेल हे आज फक्त एका माणसाला माहीत आहे, तो इथं जमिनीवर बसलाय.

आधी त्यानं पळवाट शोधली. एजन्सीला फोन लावला, तर ‘उद्या गाडी पाठवतो’ म्हणाले. चहावालीला गाठावं, तर ती निघून गेलेली. पलीकडे तिसरा सांधा सुरू झाला. थोरल्याला काही सुचेना. त्यानं हातोडी उचलली आणि भिंतीवर मारली. थांब, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण हाताची सवय कुठं जाते? ठोके तीनच पडले.

तडतड थांबली. मग पलीकडे पावलं वाजली, खट्‌कन बटण पडलं, आणि घरघर मंदावत मंदावत बंद झाली.

त्यानं पंखा बंद केला होता. वितंडवाद नाही, शिवी नाही. दादानं ठोके दिले, पंखा बंद. भिंतीच्या अलीकडे थोरला हातोडी हातात धरून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मग पलीकडे पुन्हा तडतड सुरू झाली. त्या गुणी माणसानं पंखा बंद करून चुकीचं काम पुढे चालू केलं होतं.

आता मात्र बसून चालण्यासारखं नव्हतं. थोरल्यानं सिलिंडरची टोपी घट्ट आहे का बघितलं, तो जरासा कलता केला आणि बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत दाराबाहेर काढला. दोन शेडच्या दारांत अंतर ते किती, पण त्याला धाप लागली. पलीकडचं दार सताड उघडं होतं.

धाकट्यानं चाहूल लागून हेल्मेट वर केलं. केस पांढरे झाले होते. समोरासमोर बघितल्यावरच कळतात अशा गोष्टी, भिंतीतून ऐकू येत नाहीत.

“केला ना बंद,” तो पंख्याकडे हात करून म्हणाला.

“पंख्यासाठी नाही मारलं.” थोरल्याचा आवाज चिरकला. कित्येक दिवसांत तो कोणाशी एवढंही बोलला नव्हता. “तुझा गॅस माझ्याकडे आलाय. तू माझ्या गॅसवर मारतोयस.”

धाकट्यानं आपल्या सिलिंडरकडे बघितलं, मग थोरल्यानं आणलेल्याकडे. दोन्ही सारखेच. तो वाकून चिठ्ठी वाचू लागला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. वाचून झाल्यावर तो तसाच वाकलेला राहिला.

“सकाळपासून आवाज बसत नव्हता. मला वाटलं, मशीन गेलं.”

“किती सांधे झाले?”

“तिसरा चाललाय.”

“कापायला लागतील.”

‘तू कोण सांगणार?’ असं काहीतरी येईल म्हणून थोरला वाट बघत होता. धाकट्यानं मुकाट्यानं ग्राइंडर उचलला.

दुपारभर दोघं कामाला लागले. एकानं कापायचं, दुसऱ्यानं पत्रा धरायचा. बोलणं कामापुरतंच. धर. सोड. जरा अलीकडे. थोरल्यानं सिलिंडर बदलला, दाब बघितला, कान लावून नळीचे जोड तपासले. मग धाकट्यानं गन धरली आणि तो आवाज आला, अखंड, एकसारखा, भिंतीतून गाळून न येता थेट. सांध्याच्या शेवटी ठिणगी विझली तरी धाकट्यानं गन तशीच धरून ठेवली, मागाहून येणारा गॅस गरम टोकावर पडेपर्यंत. हात लगेच उचलू नकोस, शेवटालाच जास्त जपावं लागतं, हे त्याला थोरल्यानंच शिकवलं होतं, तो कोवळा होता तेव्हा. विसरला नव्हता.

घाम पुसायला बसले तेव्हा थोरल्याचं लक्ष पंख्याकडे गेलं. वाकलेली जाळी तीच. पण पंख्याचं तोंड टेबलाकडे नव्हतं. टेबलाकडे पाठ करून तो भिंतीला तोंड लावून उभा होता, दांडी मागच्या कोपऱ्यात साखळीनं बांधलेली. तिथून वारा माणसालाच काय, माशीलाही लागला नसता.

“हे असं काय?”

धाकटा पाण्याचा पेला बघत राहिला. “वाऱ्यात सांधा टिकत नाही.”

“ते तुला कधीपासून कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात. दोन कामं परत आली. पण तोवर भिंत बांधून झाली होती.”

“मग लावत होतास कशाला? थंडीतसुद्धा?”

“बंद केला असता तर तुला ऐकू गेलं असतं.” तो ओशाळं हसला. “म्हणाला असतास, बघ, आला ठिकाणावर.”

थोरलाही हसला. हसता हसता त्याला आपल्या बंद दाराची आठवण झाली आणि तो हसायचा थांबला. एकजण वाऱ्याला कोंडून बसला, दुसरा वारा भिंतीवर वाया घालवत बसला, आणि दोघंही उकडत होते.

टाकी संध्याकाळी पुरी झाली. धाकट्यानं टेम्पोवाल्याला फोन केला, थोरल्यानं आपला सिलिंडर फिरवत परत नेला. ‘ये जेवायला’ हे एकाच्या ओठांवर आलं असेल, ‘येतो’ हे दुसऱ्याच्या. पण इतकी वर्षं न वापरलेले शब्द एका दुपारीत थोडेच सुटतात! “चल,” एवढं म्हणून दोघं दोन वाटांना लागले. थोरल्यानं घरी जाऊन एक ताट मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडवर आला. दार बंद केलं, हातमोजे चढवले. पलीकडे कुलूप निघाल्याचा आवाज झाला. टाकी चढवताना माणसांची गडबड झाली, टेम्पो गेला. मग ठोकाठोक, मग सांधा, स् स्, नेहमीसारखा. पण काहीतरी राहिलं होतं.

पंखा लागला नव्हता.

बरोबरच होतं. आता कोणाला दाखवायला लावायचा? शिवाय काल दादानं तीन ठोके दिले होते आणि त्यानं ते पाळले होते. सांधा थांबला की मधे नुसती पोकळी उरत होती. पत्रा तापल्याचा कट्‌कट् आवाज, बाहेर कोणाची तरी सायकल, आणि स्वतःचा श्वास. एवढं शांत इथं कधीच नव्हतं. हीच शांतता त्यानं भांडणाच्या त्या दुपारी मागितली होती, आणि ती देता देता भावाला इतकी वर्षं लागली होती.

बिजागरीचा सांधा दोनदा बिघडला. तिसऱ्यांदा थोरला कामाला बसलाच नाही. उठला, दार उघडून टाकलं. वारा आत आला, टेबलावरचं फडकं उडून खाली पडलं. ते त्यानं तसंच राहू दिलं. मग हातोडी घेऊन भिंतीपाशी गेला आणि तीन ठोके मारले.

पलीकडचा सांधा थांबला. बराच वेळ काही झालं नाही. बंद असलेला पंखा आणखी कसा बंद करायचा, याच विचारात पडला असेल बिचारा.

थोरला कान लावून उभा राहिला. शेवटी पावलं वाजली, मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली, जराशी थबकली. बटण पडलं. पाती आधी कुरकुरली आणि मग हळूहळू घरघर सुरू झाली.